चीजवर विनोदी कविता कशी लिहायची: कोऱ्या कागदापासून वाचून दाखवण्यापर्यंत

चीजवरची माझी पहिली कविता मी एका मित्राच्या वाढदिवसाला लिहिली. चौदा ओळी होत्या. वाचून दाखवल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हसलं कुणीच नाही. घरी येऊन तो कागद पुन्हा वाचला, तेव्हा कारण कळलं. त्या चौदा ओळींत 'चीज'च्या जागी 'केक' घातला असता तरी एकही ओळ बदलावी लागली नसती. कवितेत चीज नव्हतंच. 'खमंग', 'छान', 'तोंडाला पाणी' एवढंच होतं.

पुढे बऱ्याच कविता लिहिल्या, बऱ्याच फाडल्या, आणि हळूहळू लक्षात आलं की हलकीफुलकी कविता हे फार काटेकोर काम आहे. गंभीर कवितेत एखादी मात्रा इकडेतिकडे झाली तर वाचक सांभाळून घेतो. विनोदी कवितेत ठेका चुकला की हसू तिथेच विरतं. चीज हा विषय मला यासाठी फार आवडतो, कारण त्याला वास आहे, भोकं आहेत, तार आहे, बुरशी आहे, आणि मराठीत त्याच्या नावालाच आणखी तीन अर्थ आहेत. नव्याने लिहायला बसणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, ते क्रमाने सांगतो.

काय काय लागेल

- एक वही. मोबाइलवर लिहू नका, कारण खोडलेला शब्द पुन्हा दिसायला हवा.
- समोर खरं चीज, निदान दोन प्रकारचं: एक वितळणारं आणि एक वासाचं.
- मराठी शब्दकोश.
- आवाज रेकॉर्ड करायची सोय.
- ऐकायला एक माणूस, ज्याला तुमचं मन राखायची गरज वाटत नाही.

१. आधी चीज बघा, मग लेखणी उचला

हा टप्पा बहुतेक जण टाळतात, आणि कविता इथेच फसते. चीजचा तुकडा समोर ठेवून किमान वीस निरीक्षणं लिहून काढा. अलंकार नकोत, साधी वाक्यं. 'कापताना सुरीला चिकटतं.' 'फ्रीजमधून काढल्यावर घाम येतो.' 'किसताना शेवटचा तुकडा बोटासकट जातो.'

मग चीज कसं बनतं ते वाचा. यात विनोदाचा इतका कच्चा माल आहे की वेगळी कल्पनाशक्ती लढवायची गरज पडत नाही. दूध घट्ट करायला पूर्वापार रेनेट वापरतात, आणि ते यायचं वासराच्या पोटातून. म्हणजे दूध प्यायचं वासराने, आणि ते गोठवायचं त्याच्याच पोटातल्या रसाने. एक किलो कडक चीजला साधारण १० लिटर दूध लागतं. उरलेलं सगळं निवळी होऊन वाहून जातं. निळ्या चीजला बुरशी नीट वाढावी म्हणून सुया टोचून हवा देतात. पार्मेजानचं एक चाक सुमारे ४० किलोचं असतं, ते किमान १२ महिने मुरवतात, आणि तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून, कान लावून, आतून ते कसं आहे ते ओळखतो. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसंच. ताजं, नुकतं फाटलेलं चीज दाताखाली चक्क चिवचिवतं. हलूमी नावाचं चीज तव्यावर टाकलं तरी वितळत नाही, कडेने नुसतं लालसर होतं.

भोकांचं तर विचारूच नका. एमेंटलसारख्या चीजमध्ये विशिष्ट जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या वायूचे बुडबुडे म्हणजे ती भोकं. धंद्यातली माणसं भोकांना 'डोळे' म्हणतात, आणि भोकं न पडलेल्या चीजला 'आंधळं'. पुढे २०१५ मध्ये अॅग्रोस्कोप या स्विस संस्थेने सांगितलं की दुधात पडलेले गवताचे अतिसूक्ष्म कण हे भोक पडायला निमित्त ठरतात. दूध काढण्याच्या पद्धती स्वच्छ झाल्या आणि भोकं कमी होत गेली. आंधळं चीज, आणि त्याला डोळे यायचे तर दुधात कचरा पडावा लागतो! यावर कविता झाली नाही तर कशावर होणार?

इथला सापळा: उंदीर आणि फोटोसाठी म्हणायचं 'चीज'. या दोन गोष्टी प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सुचतात. तुम्हालाही सुचतील. वहीत लिहा आणि त्यांच्यावर काट मारा. शिवाय उंदराला चीज विशेष प्रिय असतं हेही खरं नाही. त्याला धान्य आणि गोड पदार्थ जास्त आवडतात. कविता लिहायचीच असेल तर त्या गैरसमजाला कंटाळलेल्या उंदरावर लिहा.

२. 'चीज' या शब्दाची नीट ओळख करून घ्या

मराठीत चीजवर लिहिणाऱ्याच्या हातात एक ठेवा आहे. 'कष्टाचं चीज झालं' यातलं चीज. गवयाची चीज, म्हणजे बंदिश. 'काय अजब चीज आहे' यातली चीज. आणि हे दुधाचं चीज. लिहिताना सगळे एकसारखेच दिसतात.

नवीन माणूस इथे लिंगाशी अडखळतो. बंदिश ती चीज, खायचं ते चीज. 'चीज रंगली' म्हटलं की श्रोत्याला फक्त गाणं दिसतं. 'चीज वितळलं' म्हटलं की फक्त पाव. श्लेष उघडाच पडत नाही. म्हणून श्लेष करताना असं क्रियापद शोधा ज्यात लिंग दिसत नाही. भविष्यकाळ फार कामाचा: 'चीज रंगेल', 'चीज जमेल'. लिखित मराठीतला वर्तमानकाळही चालतो, कारण 'ती रंगते' आणि 'ते रंगते' यांत फरक उरत नाही. त्यातून हे जमलं:

मंद आच अन् चीज रंगते,
तार ताणता तान पांगते.

इथे 'तार' चीजचीही आहे आणि वाद्याचीही. 'रंगते'च्या जागी 'रंगली' घालून पाहा, सगळी गंमत जाते. हे दोन शब्द शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

'कष्टाचं चीज' हा श्लेष मात्र सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत वापरला गेलेला. वापरायचा तर त्याला नवी जागा द्या. मी तो किसणीवर नेला:

किसणीला घासताना
झिजे बोट, झिजे चीज.
बोट म्हणे, आता तरी
कष्टाचे या व्हावे चीज!

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट एकाच शब्दाने झालाय, पण अर्थ बदललाय. आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात 'यमक' म्हणतात ते नेमकं हेच: तीच अक्षरं, वेगळा अर्थ. अर्थ बदलत नसेल तर तोच शब्द दोनदा वापरू नका. तो आळस ठरतो आणि ऐकणाऱ्याला तो जाणवतो.

३. एकच साचा निवडा

मुक्तछंदात विनोदी कविता होते, पण सुरुवात तिथून करू नका. हसू येण्यासाठी ऐकणाऱ्याला पुढच्या ठोक्याचा अंदाज असावा लागतो. तो अंदाज छंद देतो. माझ्या मते नवीन माणसाला तीन साचे पुरेत.

*अष्टाक्षरी.* प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार-चार अशी तुटणारी. वरची किसणीची कविता यातली. मात्रा मोजायच्या नाहीत, फक्त अक्षरं. पहिली कविता यातच करा. चौथ्या अक्षरावर शब्द संपेल एवढं बघा, कारण शब्द मधेच चिरला की ठेका लंगडतो. माझी पहिली ओळ 'किसणीवर घासता' अशी होती. अक्षरं आठच, पण तुटतात पाच-तीन अशी. 'किसणीला घासताना' केल्यावर ती चालायला लागली.

*पादाकुलक.* ओळीत सोळा मात्रा, आठ-आठ अशा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षराचा आघात आला किंवा त्यावर अनुस्वार असला तर त्याच्याही दोन. यात बोलण्यासारखा वेग मिळतो:

भोकांमधुनी चीज पाहिले,
चीज कुठे? ते भोक राहिले!
भोकाभवती थोडे उरले,
पोटाला ते कुठले पुरले!

*भुजंगप्रयात.* लघु-गुरू-गुरू (एक मात्रा, दोन मात्रा, दोन मात्रा) असा तीन अक्षरांचा गण चार वेळा, म्हणजे बारा अक्षरं. लहानपणी पाठ केलेल्या श्लोकांमुळे ही चाल प्रत्येक मराठी कानात असते. गंभीर, उपदेशाच्या चालीत क्षुल्लक गोष्ट सांगितली की आपोआप गंमत येते. चीजसारख्या विषयाला इतकं शोभणारं दुसरं वृत्त मला तरी सापडलेलं नाही.

मोजताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एक म्हणजे 'चीज' आपण बोलताना एका झटक्यात म्हणतो, शेवटचा 'अ' गिळतो. छंदात मात्र 'ज' पूर्ण मोजायचा: दोन अक्षरं, तीन मात्रा. दुसरं म्हणजे 'पुन्हा', 'तुम्ही' अशा शब्दांतलं जोडाक्षर मागच्या अक्षराला जड करत नाही. 'पुन्हा' लघु-गुरूच राहतो. नियमाचं पुस्तक आणि कान यांचं जुळेना झालं तर शब्द सावकाश म्हणा आणि आघात पडतो का ते ऐका.

चीजच्या नावांच्या मात्रा एकदा मोजून वहीच्या मागे लिहून ठेवा, वेळ वाचतो. ब्री २, चेडर ४, गौडा ४, रिकोटा ५, रोकफोर ६, एमेंटल ६, मोझरेला ७.

४. यमकांची यादी करा, पण तिच्या मागे जाऊ नका

'चीज'ला यमकं फार नाहीत: बीज, वीज, नीज, झीज, बेरीज, फ्रीज. ही सगळी एकाच कवितेत कोंबायचा मोह होतो. तो आवरा. 'वीज' आली की ती चमकते, 'नीज' आली की ती लागते, आणि बघता बघता कविता चीजला सोडून भलतीकडे जाते.

त्यापेक्षा चीजच्या गुणांचे शब्द ओळीच्या शेवटी आणा. तिथे मराठी सढळ आहे. 'वास'ला श्वास, त्रास, घास, ध्यास, खास, तास. 'वितळले'ला कळले, वळले, जळले, मळले. परकी नावंही छान जुळतात: रोकफोर आणि थोर, चोर, समोर, रिकोटा आणि तोटा, खोटा, छोटा, मोझरेला आणि गेला, केला, चेला. परक्या नावाला अस्सल मराठी शब्द भिडला की ऐकणारा खूश होतो. नावाचा उच्चार त्याच्या मूळ देशात कसा करतात याची काळजी कवितेत करू नका. तुमचा श्रोता 'गौडा' म्हणत असेल तर यमक 'गौडा'शीच जुळवा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'येतो-जातो', 'करतो-धरतो' अशी क्रियापदांची यमकं फार सहज जुळतात, म्हणूनच ती फिकी असतात. चार ओळींत अशी एक जोडी चालेल, दोन नकोत.

५. शेवटची ओळ आधी लिहा

हे मला फार उशिरा उमगलं. विनोद शेवटच्या ओळीत असतो, शक्य झालं तर शेवटच्या दोन शब्दांत. पण आपण लिहितो वरून खाली, त्यामुळे चांगली कल्पना दुसऱ्याच ओळीत खर्च होते आणि खाली नुसतं वारा घालणं उरतं. म्हणून हशाची ओळ आधी ठरवा आणि तिथपर्यंत वरून रस्ता बांधा.

एक कविता कशी झाली ते जवळून दाखवतो. विषय होता वासाचं चीज. लिम्बर्गरसारख्या चीजवर जे जिवाणू वाढतात, त्यांचेच भाऊबंद माणसाच्या पायाच्या त्वचेवर असतात, त्यामुळे दोन्ही वास इतके सारखे. आधी मी पायावर लिहायला बसलो, पण ते किळसवाणं होत होतं. मग वाटलं, खरी ओढाताण नाक आणि जीभ यांच्यात आहे. नाक नको म्हणतं, जीभ सोडत नाही. त्यातून ही ओळ आली:

कुणी नाक माझे जरा दूर ठेवा

भुजंगप्रयात जमला होता, आणि विनंती अगदी साधी, व्यावहारिक होती. ही शेवटची ओळ ठरली. आता 'ठेवा'ला यमक: सेवा, हेवा, देवा, मेवा. 'मेवा' खाण्याचा, म्हणून तो घेतला. 'परी जीभ मागे पुन्हा तोच मेवा'. तिसरी ओळ झाली. पहिली ओळ सरळ हाक मारणारी: 'जरा थांब चीजा, तुझा वास येतो'. दुसरी मात्र अडली. 'पळे मांजरी, श्वान बाहेर जातो' हे वृत्तात बसत होतं, पण त्यात जीव नव्हता. कुत्रं बाहेर जातंच, त्यात काय? दोन दिवस ती ओळ तशीच ठेवली. मग 'बाहेर'च्या जागी 'गावास' बसलं:

जरा थांब चीजा, तुझा वास येतो
पळे मांजरी, श्वान गावास जातो
परी जीभ मागे पुन्हा तोच मेवा
कुणी नाक माझे जरा दूर ठेवा

कुत्रं आता सामान बांधून गावाला निघालंय असं चित्र उभं राहिलं. शिवाय वरच्या ओळीतलं 'वास येतो' आणि खालचं 'गावास जातो' एकमेकांत वाजायला लागले, त्यामुळे क्रियापदांचं फिकं यमकही खपून गेलं. एक शब्द बदलायला दोन दिवस लागले, आणि ते लागू द्यावेत.

६. चीजची टिंगल करू नका

हलकी कविता म्हणजे विषयाला हलकं लेखणं, असा समज असतो. तसं केलं की कविता कोरडी होते. चीज मनापासून आवडणाऱ्यानेच त्याची चेष्टा करावी.

जेम्स मॅकिंटायर हा याबाबतीत माझा आवडता माणूस. १८२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडातल्या इंगरसोल गावी फर्निचरचा आणि शवपेट्यांचा व्यवसाय करणारा. त्या भागात चीजचा धंदा भरभराटीला आला होता. १८६६ मध्ये तिथे ७,३०० पौंडांचं एक अवाढव्य चीज तयार झालं. मॅकिंटायरने त्या प्रचंड चीजवर आणि एकूणच चीजवर मनोभावे कविता लिहिल्या. त्या ओळी वाचून लोक हसतात. त्याचा तसा हेतू नव्हता, पण १९०६ मध्ये तो गेल्यानंतरही 'चीज कवी' म्हणून त्याचं नाव टिकून आहे. त्याच्याकडून घ्यायचं ते त्याचं प्रेम. चीजला तो खरोखर गौरवाच्या योग्यतेचं मानत होता. तो आदर ठेवा आणि त्यात आपल्या बाजूने काटेकोर ठेका घाला.

याच कारणासाठी नवीन माणसाने प्रसिद्ध कवितेचं विडंबन लगेच करायला घेऊ नये. ते सोपं वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या कानात मूळ कविता वाजत राहते आणि तुमचं चीज मागे पडतं. आधी स्वतःच्या दहा कविता होऊ द्या.

७. काटछाट

चार ओळींत मावत असेल तर आठ करू नका. 'खूप', 'अगदी', 'किती', 'अहा', 'तर' हे शब्द मात्रा भरायला येतात. प्रत्येकावर बोट ठेवून विचारा, हा इथे कशाला? 'रे' आणि 'हो' यांचंही तसंच. वृत्तासाठी शब्द उलटसुलट करावे लागले आणि वाक्य बोलण्यासारखं राहिलं नाही, तर ओळ मोडून नव्याने बांधा. ज्या क्रमाने माणूस बोलतो, त्याच क्रमाने ओळ यावी. विनोदी कवितेत याला पर्याय नाही.

आणि मघाची 'केक' चाचणी करा. चीजच्या जागी दुसरा पदार्थ घालून कविता वाचा. अर्थ तसाच राहिला, तर पहिल्या टप्प्याकडे परत जा.

८. वाचून दाखवा

आधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. जिथे तुमचीच जीभ अडखळते तिथे चूक आहे, वाचणाऱ्याची नाही. मग कविता दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मी माझ्या मावशीला देतो. ती बोटांवर ठेका धरत वाचते आणि ठेका सुटला की काही न बोलता मान वर करून बघते. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारतो.

वाचताना शेवटच्या ओळीआधी थोडं थांबा. एक श्वास पुरे. कविता 'विनोदी आहे हं' असं आधी सांगू नका आणि स्वतः आधी हसू नका. श्लेष कुणाला कळला नाही तर समजावत बसू नका, सरळ पुढची कविता घ्या. तीच कविता तीन वेगवेगळ्या माणसांना एकाच जागी कळली नाही, तर मात्र घरी येऊन ती जागा दुरुस्त करा. माझ्या 'चीज रंगली'ची 'चीज रंगते' झाली ती अशीच, तिसऱ्यांदा कुणीतरी 'कोणत्या रागातली?' असं विचारल्यावर.